निशाणी नांगर

आमच्या घरच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक जुनं कर्जखत आहे. कागद घडीवर फाटलाय. अक्षरं मोडीतली, त्यामुळे घरात ती कुणालाच वाचता येत नाहीत. खाली कोपऱ्यात मात्र एक छोटंसं चित्र आहे आणि ते पोरासोरांनाही कळतं. नांगर. लिहिता न येणाऱ्या शेतकऱ्याच्या सहीच्या जागी नांगराची खूण असायची आणि लेखनिक शेजारी लिहायचा, ‘निशाणी नांगर’. नाव, बापाचं नाव, गाव, धंद्याची खूण, खाली दोन-चार साक्षीदार. एवढ्यात माणूस ओळखू यायचा.

हा कागद मी नीट पाहिला तेव्हा मला ऑर्कुट आठवलं. तुमच्यातल्या अनेकांनी ते पाहिलंही नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. गूगलने ते जानेवारी २००४ मध्ये सुरू केलं आणि ३० सप्टेंबर २०१४ ला बंद केलं. मधल्या काळात भारतातल्या कॉलेजच्या पोरांचं ते घर होतं. मी २००७ साली शिरूरच्या एका सायबर कॅफेत तिथं खातं उघडलं. नाव, गाव, आवडती गाणी आणि ‘माझ्याबद्दल’ नावाची एक रिकामी चौकट. त्या चौकटीत काय लिहायचं यात माझा अख्खा तास गेला. ऑर्कुटवर ‘टेस्टिमोनियल’ नावाचा प्रकार होता: मित्राने तुमच्याबद्दल चार चांगले शब्द लिहायचे, तुम्ही ते मंजूर करायचे, मग ते सगळ्यांना दिसायचे. म्हणजे साक्षीदारच. मुळात सुरुवातीला ऑर्कुटवर शिरायलासुद्धा आधीच्या सभासदाचं आमंत्रण लागायचं. ओळखीशिवाय दारात उभं करत नसत.

नांगराची खूण आणि डीपी यांत एक मोठा फरक आहे, आणि हा लेख त्या फरकाबद्दल आहे. डीपी मी निवडला होता. कर्जखतावरचा मजकूर मात्र दुसऱ्याने लिहिला होता, आणि ज्याच्याबद्दल लिहिला होता त्याला तो वाचता येत नव्हता.

प्रोफाइल ही गोष्ट इंटरनेटसोबत आली असं आपण धरून चालतो. पण शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत, ज्यांच्यामधून भीमा वाहते, दीडशे वर्षांपूर्वी दोन गोष्टी घडल्या. एक भीमेच्या अलीकडे, एक पलीकडे. एकीत लोकांनी आपल्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेलं सगळं जाळून टाकलं. दुसरीत एका बाईने स्वतःबद्दल स्वतः लिहिलं आणि त्या जोरावर सातासमुद्रापार माणसं जोडली.

करडे, १८७४

पहिली गोष्ट शिरूर तालुक्यातल्या करडे गावची.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे मोर्चा वळवला. भाव चढले. सावकार मागेल त्याला पैसे देऊ लागले. १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव उतरले. नेमका त्याच सुमारास सरकारने शेतसारा वाढवायला घेतला. पैसा आटला, देणं राहिलं.

त्या देण्याचा हिशेब सावकाराच्या वहीत होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या रोख्याला तीन वर्षांची मुदत घातली होती. कायदा करणाऱ्यांना वाटलं, व्याज साठत जाणार नाही, शेतकऱ्याचं बरं होईल. झालं उलटं. तीन वर्षं भरत आली की सावकार मुद्दल आणि व्याज यांची बेरीज करून नवं खत लिहून घ्यायचा. कालचं व्याज आजचं मुद्दल व्हायचं. शेतकरी पुन्हा नांगराची निशाणी करायचा. भरलेल्या पैशांची पावती नसायची. कोर्टात उभं राहायची वेळ आली की कोर्ट खत बघायचं, आणि खत सावकाराच्या बाजूने बोलायचं.

डिसेंबर १८७४ मध्ये करड्यात काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध सुमारे दीडशे रुपयांच्या देण्यासाठी कोर्टाचा हुकूमनामा मिळवला. देशमुख गावातले मानाचे. काळूरामाने त्यांचं घर पाडायला घेतलं. कर्ज सगळ्यांवरच होतं, पण देशमुखांच्या घराच्या भिंती पडताना बघणं गावाला सोसलं नाही. गावाने ठरवलं: सावकारांच्या शेतावर राबायचं नाही, त्यांचं कसलंच काम करायचं नाही, त्यांच्याशी व्यवहार तोडायचा.

ही बातमी कशी पसरली असेल याचा विचार करा. फोन नाही, तार गावापर्यंत नाही, बहुतेकांना वाचता येत नाही. बाजारचा दिवस, जत्रा, सोयरीक आणि पाहुण्याकडे मुक्काम, एवढंच नेटवर्क. तरीही बहिष्काराचे ठराव गावोगाव झाले. काही ठिकाणी ते चक्क लिहून काढले गेले, कुणी मोडले तर काय शिक्षा हेही त्यात घातलं गेलं. ज्यांना आजवर कागदाने फक्त बांधून ठेवलं होतं, त्यांनी पहिल्यांदा आपला कागद लिहून घेतला.

१२ मे १८७५ ला सुप्याला भडका उडाला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. मोठी पेठ, सावकारांची वस्ती. आसपासच्या गावांतले लोक जमले आणि त्यांनी वह्या आणि खतं मागितली. मिळाली ती जाळली. काही घरं जळली, दुकानंही लुटली गेली. मग हे लोण शिरूरसह पुणे जिल्ह्यातल्या इतर भागांत आणि नगर जिल्ह्यात पोहोचलं.

इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. सरकारने नेमलेल्या आयोगाने चौकशी केली तेव्हा एक गोष्ट स्पष्ट दिसली: लोकांचा डोळा कागदांवर होता. सावकाराने खतं निमूट दिली तर बहुतेक ठिकाणी प्रकरण तिथंच थांबायचं. अंगावर जाण्याचे प्रकार त्या मानाने थोडे झाले. हे लिहिताना दुसरी बाजूही डोळ्याआड करता येत नाही. सावकारांपैकी बरेच मारवाडी आणि गुजराती होते, राग त्यांच्यावर परके म्हणूनही निघाला, आणि ज्या घरांना आग लागली त्यांत बायकापोरंही राहत होती.

मला अडकवून ठेवतो तो प्रश्न वेगळा आहे. कागद जाळल्याने देणं फिटत नाही, हे त्या शेतकऱ्यांना कळत नव्हतं का? मला वाटतं, चांगलंच कळत होतं. पण त्या वहीत प्रत्येकाची एक प्रतिमा लिहून ठेवली होती: हा बुडीत, हा गहाण, याच्या बापाचंही राहिलंय. त्या प्रतिमेवर हरकत घ्यायला जागाच नव्हती. दुरुस्तीचा रस्ता नसेल तर माणूस पान फाडायला धावतो.

१८७९ च्या दख्खन शेतकरी मदत कायद्याने तो रस्ता थोडाफार काढून दिला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी तो कायदा होता. शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर लिहिला जायला हवा असं ठरलं. कोर्टाला खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा पहिल्यापासूनचा हिशेब तपासता येऊ लागला. शिवाय शेतकऱ्याला तीन गोष्टी मागण्याचा हक्क मिळाला: भरलेल्या पैशांची पावती, वर्षातून एकदा हिशेबाचा उतारा, आणि स्वतःजवळ ठेवायचं पासबुक. कायद्याला पळवाटाही लगेच सापडल्या. गहाणखताऐवजी सावकार थेट खरेदीखत लिहून घ्यायला लागले. तरी ‘माझ्याबद्दल तुझ्या वहीत काय लिहिलंय ते मला दाखव’ हे वाक्य म्हणायची कायदेशीर सोय झाली, आणि तिची सुरुवात आपल्या भागातल्या एका घराच्या भिंतींपासून झाली होती.

केडगाव, भीमेपलीकडे

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला जाणारा रस्ता पारगावला भीमा ओलांडतो. पुढे थोड्याच अंतरावर केडगाव. नगरचं नव्हे, दौंड तालुक्यातलं, पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचं. लोकलने जाणाऱ्यांना स्टेशन माहीत असतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथं आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडिलांनी त्यांना आईमार्फत संस्कृत शिकवलं, जे तेव्हा बायकांना शिकवत नसत. दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर पायी देश हिंडत त्या १८७८ ला कलकत्त्याला पोहोचल्या. तिथल्या पंडितांनी त्यांच्या ज्ञानाची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. आजच्या भाषेत नावापुढे निळी खूण लागली. पुढे लग्न, मुलगी मनोरमा, आणि १८८२ मध्ये नवऱ्याचा मृत्यू. चोविशीच्या आत वैधव्य. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज सुरू केला, मग इंग्लंडला गेल्या आणि १८८३ मध्ये तिथं त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

१८८६ ला त्या अमेरिकेत उतरल्या, आनंदीबाई जोशी डॉक्टर होत होत्या त्या समारंभासाठी. विधवांसाठी शाळा काढायची हे मनात होतं, पैसे नव्हते. त्यांनी एक पुस्तक लिहिलं. १८८७ मध्ये फिलाडेल्फियात छापलेल्या त्या इंग्रजी पुस्तकात उच्चवर्णीय हिंदू स्त्रीचं आयुष्य मांडलं होतं. पुस्तकाला प्रस्तावना होती आनंदीबाईंच्या कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांची, आणि तिच्यात रमाबाईंची जीवनकहाणी सांगितली होती. पुस्तक हजारोंनी खपलं. म्हणजे आत रमाबाईंचा मजकूर, दारात ओळखीच्या आणि मानाच्या माणसाची साक्ष. ऑर्कुटच्या टेस्टिमोनियलची युक्ती याहून वेगळी नव्हती.

मग त्या गावोगाव भाषणं देत फिरल्या. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ उभी राहिली आणि तिने दहा वर्षं खर्च चालवण्याचं कबूल केलं. अमेरिकेतल्या गावांत ‘रमाबाई सर्कल’ नावाची छोटी मंडळं निघाली. सभासदांनी थोडे थोडे पैसे जमवायचे आणि पाठवायचे. ज्यांनी हिंदुस्थान कधी पाहिला नाही अशा शेकडो बायका एका मराठी बाईच्या नावाने एकत्र बसू लागल्या. १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढल्या वर्षी ते पुण्याला आलं.

आणि इथं ती गोष्ट घडली जी आज कुणाच्याही बाबतीत दर आठवड्याला घडते. तिला आपण स्क्रीनशॉट म्हणतो.

रमाबाईंचे दोन वाचकवर्ग होते. अमेरिकेतल्या देणगीदारांना वाटायचं, ख्रिस्ती बाई शाळा चालवतेय, म्हणजे मुली येशूकडे वळतील. पुण्यातल्या पालकांना शब्द दिला होता की शाळेत धर्म शिकवला जाणार नाही. दोन्ही वर्गांमध्ये अर्धी पृथ्वी होती, म्हणून दोन्हींना वेगवेगळं ऐकू येत राहिलं तरी चाललं. मग अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात सदनातल्या मुली ख्रिस्ताकडे ओढल्या जात असल्याचा मजकूर छापून आला. तो पुण्यात पोहोचला आणि केसरीने तो वाचकांसमोर ठेवला. वाद पेटला तो विझेना. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात कोण बरोबर होतं यावर मराठीत शंभर वर्षं लिहिलं गेलंय. मला त्यातलं एवढंच घ्यायचंय: एका गर्दीसाठी लिहिलेलं दुसऱ्या गर्दीने वाचलं की काय होतं, हे पुण्याने तेव्हाच पाहिलं. ज्या ओळखीमुळे पैसा आणि माणसं जोडली गेली, तिनेच दुसऱ्या बाजूची माणसं तोडली.

रमाबाई यातून उठून केडगावला आल्या. इथं त्यांनी शेतजमीन घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली व बायका घेऊन आल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर आश्रमातली संख्या दीड हजाराच्या वर गेली. एवढ्या माणसांचं अन्न शेत, देणगी आणि पत्र यांच्यावर चालत होतं. म्हणून छापखाना उभा राहिला. केडगावसारख्या ठिकाणी आश्रमातल्या बायका खिळे जुळवायच्या, कागद छापायच्या, पुस्तकं बांधायच्या. मिशनची इंग्रजी पत्रिका इथून छापून परदेशी जायची. १९०७ मध्ये रमाबाईंनी स्वतःच्या आयुष्याची साक्ष इंग्रजीत लिहिली तीही इथूनच निघाली. बायबलचं मराठी भाषांतर तर त्या थेट मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून करत होत्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तोवर ते काम हातावेगळं झालं होतं.

फिलाडेल्फियाच्या प्रस्तावनेपासून केडगावच्या छापखान्यापर्यंतचा हा प्रवास मला महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीला त्यांची ओळख दुसऱ्याच्या शिफारशीने, दुसऱ्याच्या यंत्रावर छापली गेली. शेवटी लेखणी आणि यंत्र दोन्ही त्यांच्या अंगणात होतं.

पण आश्रमात हजारभर आणखी आयुष्यं होती. दुष्काळातून आलेल्या मुलींची छायाचित्रं मिशनविषयीच्या पुस्तकांत छापली गेली. हाडं दिसणारे देह, मोठे डोळे. त्या चित्रांनी पैसे आणले, त्या पैशांनी त्याच मुली जगल्या. तरीही आपलं चित्र परक्या मुलखात कोण कशासाठी बघतंय, हे त्या मुलींना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. जीव वाचणं मोठं, यात शंका नाही. मग विचारण्याची गरज संपते का, हा प्रश्न आजही आपल्या हातातल्या प्रत्येक मदतीच्या व्हिडिओला लागू आहे.

आजचं पान

आता २०१६ नंतरचा शिरूर-दौंड बघा. त्या वर्षी ५ सप्टेंबरला जिओ आलं आणि ज्यांनी सायबर कॅफेचा उंबरा कधी ओलांडला नव्हता त्यांच्या खिशात थेट खातं आलं. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली पोरं रात्रपाळीहून सुटली की खोलीवर इन्स्टा उघडतात. बैलगाडा शर्यतीतल्या बैलांनासुद्धा पानं आहेत आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त फॉलोअर आहेत. मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. ज्यांच्या पणजोबांची ओळख नांगराच्या एका खुणेत मावत होती, त्यांना पहिल्यांदा ‘माझ्याबद्दल’ लिहायला चौकट मिळालीय.

पण करड्याची वही कुठं गेली नाही. तिचं नाव बदललं. आमच्याकडे आता ‘पत’ कुणी म्हणत नाही, ‘सिबिल’ म्हणतात. “ट्रॅक्टर का नाही घेतला?” “सिबिल खराब आहे.” ही मूळ कंपनी २००० साली स्थापन झाली. अशा चार कंपन्या देशात आहेत, आणि त्यांच्या वहीत तुम्ही ३०० ते ९०० मधला एक आकडा असता. तो आकडा तुम्ही लिहिलेला नसतो. तुमच्या डीपीला किती लाइक आले याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, आणि बँकेचा साहेब बघतो तो हाच आकडा.

रांजणगावला कामाला असलेल्या माझ्या एका मित्राने दोन वर्षांपूर्वी एका ॲपवरून काही हजारांचं कर्ज घेतलं. हप्ता चुकल्यावर त्याच्या फोनमधल्या नंबरांवर फोन गेले. मामाला, जुन्या वर्गशिक्षकांना, साखरपुडा ठरलेल्या मुलीच्या भावाला. ॲपने कॉन्टॅक्ट वाचायची परवानगी मागितली होती आणि त्याने घाईत बटण दाबलं होतं. काळूरामाने देशमुखांचं घर पाडलं तेव्हा गाव देशमुखांच्या मागे उभा राहिला. इथं मात्र वसुलीसाठी गावच कामाला लावला होता, एकेक नंबर करून. लग्न जमलं ते मुलीने भावाला ठणकावलं म्हणून.

कायदा पुन्हा एकदा मागून चालत आलाय. १ जानेवारी २०१७ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने चारही कंपन्यांना तुमचा पूर्ण अहवाल वर्षातून एकदा फुकट द्यावा लागतो. १८७९ च्या कायद्यातला वार्षिक उतारा आठवा. मागणी तीच आहे. अहवालात चूक असेल आणि तक्रार ३० दिवसांत सुटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियमही झालाय. सप्टेंबर २०२२ च्या नियमांनी कर्ज देणाऱ्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट, कॉल लॉग आणि फोटो उघडायला मनाई केली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तर आपली माहिती बघण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसायला लावण्याचा हक्क लिहिला आहे. आणि शेतकऱ्यांसाठी ॲग्रिस्टॅकचा ओळख क्रमांक आलाय, ज्याला सातबारा जोडलेला आहे. नांगराच्या निशाणीची ही नवी आवृत्ती म्हणायला हरकत नाही.

हक्क कागदावर असणं आणि मागता येणं यांत अंतर असतं, हे १८७९ नंतरच्या शेतकऱ्यांनी भोगलं. पासबुक मागायला सावकाराच्या ओट्यावर जायची हिंमत लागायची. आपल्याला तेवढीही लागत नाही. तरी ‘माझ्याबद्दल’ची चौकट भरण्यात आपण जितका वेळ घालवतो त्याच्या दहावा हिस्साही आपल्यावर लिहिलेलं वाचण्यात घालवत नाही. मीही पहिला अहवाल मागवला तो मित्राचं प्रकरण झाल्यावर. त्यात माझे चार जुने पत्ते होते, एक बंद झालेलं खातं होतं, आणि माझ्या नावाचं स्पेलिंग मी कधीही लिहीत नाही तसं लिहिलेलं होतं. दुरुस्तीचा अर्ज मोबाइलवरूनच भरला. त्याला पंधरा मिनिटं लागली.